मुलांना ‘सीबीटी देतो’ म्हणणाऱ्या सगळ्यांना एका आईचं खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

हे पत्र त्या सगळ्या सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर आणि मानसोपचार तज्ज्ञांना आहे ज्यांच्या बोर्डावर सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत) हा शब्द लिहिलेला असतो आणि ज्यांच्याकडे आमच्यासारखे आईबाप ओसीडी (नको ते विचार येत राहणं आणि तीच तीच कृती परत परत करावी लागणं हा आजार) असलेलं मूल घेऊन येतात. मी साताऱ्यात ज्युनियर कॉलेजला गणित शिकवते, मानसशास्त्र शिकलेली नाही, पण आकडे वाचता येतात, आणि गेल्या तीन वर्षांत या विषयावरचे जेवढे मूळ पेपर हाती लागले तेवढे रात्री जागून वाचलेत, कारण घरात एक पोरगा होता जो बेसिनपासून हलत नव्हता.

पाचवीत होता तेव्हा. कोपरापर्यंत हात धुवायचा, मग नळाची तोटी धुवायचा, मग तोटीला हात लागला म्हणून परत हात. साबणाची वडी तीन दिवसांत संपायची. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या आणि आमटीचं तिखट त्या चिरांना झोंबायचं म्हणून तो चमच्याने जेवायला लागला, आणि आम्हाला वाटलं की पोरगा मोठा झाला, टेबल मॅनर्स शिकतोय. सासूबाई म्हणायच्या बरंय की, सोवळ्याओवळ्याचं आहे पोर, आजकाल कोण एवढी स्वच्छता पाळतं. रात्री झोपताना विचारायचा, "आई, मला काही होणार नाही ना? नक्की ना?" मी म्हणायचे नक्की. पण ते "नक्की" ठरलेल्या आवाजात, त्याच्याकडे बघून, मधे दुसरा शब्द न येता यायला हवं असायचं, नाहीतर पहिल्यापासून. चाळीस चाळीस वेळा विचारायचा, आणि मी चाळीस वेळा उत्तर द्यायचे, प्रेमानेच द्यायचे.

आम्ही एका काउन्सेलर मॅडमकडे गेलो. आठ महिने, सव्वीस सेशन. फाइलवर उपचार म्हणून सीबीटी लिहिलेलं होतं. त्यात दीर्घ श्वास होते, रंगवायची चित्रं होती, विचारांची डायरी होती, नकारात्मक विचाराच्या जागी सकारात्मक विचार लिहायचा तक्ता होता, आणि मला सांगितलं होतं की त्याने विचारलं की शांतपणे धीर द्या. मॅडम फार चांगल्या होत्या, त्याला त्या आवडायच्या, हे मी मनापासून लिहितेय. पण आठ महिन्यांत त्या खोलीत एकदाही असं झालं नाही की त्याने त्याला घाण वाटणाऱ्या वस्तूला हात लावला आणि न धुता बसून राहिला. एकदाही नाही. आणि आता मला कळतंय की आम्ही घेत होतो त्याला नाव सीबीटीचं होतं आणि ज्या उपचाराचे पुरावे आहेत तो उपचार आम्हाला मिळालाच नव्हता.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. मुलांच्या ओसीडीत "सीबीटीला पुरावा आहे" असं आपण सगळेच म्हणतो, पण तो पुरावा एका विशिष्ट गोष्टीचा आहे, म्हणजे एक्स्पोजर आणि रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, भीती वाटेल त्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि ती भीती घालवायला जे करतो ते करायचं नाही, आणि हे थेरपिस्टच्या समोर, सेशनमधे, प्रत्यक्ष करायचं. ते काढून टाकलं तर मागे उरतं त्याच्या नावावर हे आकडे लावता येत नाहीत.

आता आकडे. तुम्हाला माहीत असतील, तरी लिहिते, कारण हे पत्र आईबापही वाचतील.

सगळ्यात जास्त ज्याचं नाव घेतलं जातं तो पॉट्स नावाचा अमेरिकन अभ्यास, २००४ मधे जामा या जर्नलमधे आला. ड्यूक, पेन्सिल्व्हेनिया आणि ब्राउन ही तीन विद्यापीठं, ७ ते १७ वयाची ११२ मुलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट पाडले, प्रत्येकात २८. एका गटाला फक्त सीबीटी, एकाला फक्त सर्ट्रालीन हे औषध, एकाला दोन्ही, एकाला प्लासिबो म्हणजे खोटी गोळी. १२ आठवडे. सीबीटी म्हणजे काय ते पुस्तिकेत ठरलेलं होतं, १४ भेटी, आणि त्याचा गाभा एक्स्पोजर. मोजायला सीवाय-बॉक्स नावाची पट्टी, ० ते ४०, आणि शेवटी १० किंवा त्याखाली आला तर मूल जवळजवळ लक्षणमुक्त धरायचं. निकाल टक्केवारीत देतात, दोन्ही मिळून ५३.६, सीबीटी ३९.३, सर्ट्रालीन २१.४, प्लासिबो ३.६. मी हे वर्गात सांगते तसं मुलांच्या संख्येत करून बघितलं. २८ पैकी १५, ११, ६ आणि १. असं लिहिलं की टक्केवारीचा रुबाब उतरतो आणि खरं चित्र दिसतं, सीबीटीच्या गटात अकरा मुलं त्या रेषेखाली आली आणि सतरा आली नाहीत. म्हणजे ती सतराही थोडीफार सुधारली असतील, पण "सीबीटीने बरा होतो" असं छातीठोकपणे सांगणाऱ्याने ही सतरा मुलं डोळ्यासमोर ठेवावीत. आणि इतक्या छोट्या गटात ३९.३ हा आकडा खरंतर २४ पासून ५८ पर्यंत कुठेही असू शकतो, हे त्या पेपरातच लिहिलंय. लक्षणमुक्तीच्या या हिशोबात सीबीटी आणि सर्ट्रालीन यांच्यातला फरक आणि सीबीटी आणि दोन्ही मिळून यांच्यातला फरक, हे दोन्ही संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरले नाहीत. प्लासिबोपेक्षा मात्र सीबीटी नक्की सरस.

पण या अभ्यासात एक गोष्ट आहे जिच्याबद्दल कुणी बोलत नाही आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. फक्त सीबीटी घेतलेल्या मुलांचा निकाल पेन्सिल्व्हेनियात ड्यूकपेक्षा कितीतरी चांगला आला. पुस्तिका तीच, भेटी तेवढ्याच, देणारे प्रशिक्षित, तरी फरक. गोळी कुठल्याही गावात गोळीच असते, सीबीटी मात्र देणाऱ्या हातावर ठरते. जर दोन नामांकित विद्यापीठांत, देखरेखीखाली, एवढा फरक पडतो तर आपल्याकडे वीकेंड वर्कशॉप करून आलेल्या माणसाच्या सीबीटीबद्दल आपण काय धरून चालायचं?

आणि मग २०११ चा पॉट्स-दोन. हा वाचला त्या रात्री मी रडले, खोटं कशाला सांगू. १२४ मुलं, सगळी आधीपासून औषधावर, थोडा फरक पडलेला पण लक्षणं शिल्लक. तीन गट. पहिल्या गटाला फक्त औषधाचं काम पुढे चालू. दुसऱ्याला औषध आणि औषध देणाऱ्या डॉक्टरांनीच त्या भेटींमधे सीबीटी कसं करायचं ते समजावून सांगायचं, घरी करा म्हणायचं, पण समोर बसवून एक्स्पोजर नाही. तिसऱ्याला औषध आणि सायकॉलॉजिस्टकडे पूर्ण सीबीटी. ज्यांची लक्षणं निदान ३० टक्क्यांनी कमी झाली अशी मुलं पहिल्या गटात ३०, दुसऱ्यात ३४, तिसऱ्यात ६८.६ टक्के. परत वाचा. ३० आणि ३४. सीबीटीबद्दल नुसतं सांगणं हे जवळजवळ न सांगण्याइतकंच निघालं, आणि ते सांगणारे लोक अमेरिकेतल्या तज्ज्ञ केंद्रातले डॉक्टर होते. आमची सव्वीस सेशन्स या दुसऱ्या गटात बसतात, किंवा बहुतेक त्याच्याही खाली.

पाच ते आठ वयाच्या लहानग्यांचा वेगळा अभ्यास आहे, २०१४ चा, १२७ मुलं, आईवडलांना बरोबर घेऊन केलेलं सीबीटी विरुद्ध आईवडलांना बरोबर घेऊनच केलेलं रिलॅक्सेशन. सीबीटीत ७२ टक्के मुलं स्पष्ट सुधारली, रिलॅक्सेशनमधे ४१. इथे दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, श्वास आणि शिथिलीकरण हे तुलनेसाठी ठेवलेलं होतं, हरलेला गट तो, आणि आपल्याकडे तेच मुख्य उपचार म्हणून दिलं जातं. दोन, तरीही ४१ टक्के सुधारली, म्हणजे प्रेमाने लक्ष देणारं मोठं माणूस, दर आठवड्याची भेट, काळ जाणं, यानेही बरंच काही होतं. त्यामुळे "माझ्याकडे येणाऱ्या मुलांना बरं वाटतं" हा अनुभव खरा असला तरी तो पद्धतीचा पुरावा होत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

मी सीबीटीची जाहिरात करत नाहीये. पुराव्यातल्या फटी मलाही दिसतात. बऱ्याच अभ्यासांत तुलना प्रतीक्षायादीशी आहे, म्हणजे दुसऱ्या गटातल्या मुलांना थांबा म्हणून सांगितलं, आणि थांबायला सांगितलेलं मूल कशाला सुधारेल. स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मधे सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर प्रतीक्षायादीशी तुलना केली की परिणामाचा आकडा (जितका मोठा तितका दोन गटांतला फरक जास्त) १.५३ आणि प्लासिबोशी केली की ०.९३, उपचार तोच, समोरचा पैलवान बदलला की आकडा बदलतो. शिवाय सीबीटी घेतोय हे मुलाला आणि आईला माहीत असतंच, ते लपवता येत नाही, मोजणाऱ्याला माहीत नसलं तरी मोजणारा प्रश्न विचारतो आईलाच. २०२० मधे डेन्मार्कच्या गटाने अगदी कडक नियम लावून तपासलं तेव्हा त्यांनी स्वच्छ लिहिलं की काहीच न करण्यापेक्षा सीबीटी कदाचित चांगलं, पण पुराव्याची खात्री कमी आहे. हे मला आईबापांपासून लपवावंसं वाटत नाही. कमी खात्री म्हणजे उपयोग नाही असं नसतं, कमी खात्री म्हणजे किती उपयोग ते नीट ठाऊक नाही.

अजून एक, वेगवेगळ्या अभ्यासांचे टक्के एकाशेजारी ठेवून फसू नका. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनमधे २६९ मुलांना १४ सेशन दिले आणि पूर्ण केलेल्यांत ७२.६ टक्के सुधारली असं येतं, आणि मग कुणीतरी म्हणतं बघा पॉट्समधे ३९ आणि इथे ७२. पण इथे रेषा १५ वर आहे, तिथे १० वर. इथे पूर्ण केलेलेच मोजलेत, तिथे सोडून गेलेलेही धरलेत. आणि इथे त्या टप्प्यावर तुलनेला दुसरा गटच नव्हता. माझ्या बारावीच्या पोरांनी अशी तुलना केली तर मी मार्क कापते. पण याच अभ्यासातली एक गोष्ट मला धरून ठेवावीशी वाटते, ज्यांना चौदात फरक पडला नाही त्यांच्यातल्या काहींना सीबीटीच पुढे चालू ठेवलं आणि काहींना सर्ट्रालीन दिलं, आणि दोन्हीकडे साधारण निम्मी मुलं पुढे सुधारली, एकमेकांत ठाम फरक नाही. म्हणजे पहिल्या फेरीत नाही जमलं तर दार बंद झालं असं नाही. तसंच औषधाला घाबरवू पण नका हो, अमेरिकेत सर्ट्रालीनला सहा वर्षांपासूनच्या ओसीडीसाठी मान्यता आहे आणि पॉट्समधे सगळ्यात जास्त मुलं बरी झाली ती दोन्ही मिळालेल्या गटात. "आमच्याकडे बिनऔषधी उपचार" अशी पाटी बघून आम्ही एक वर्ष घालवलं.

आणि हो, हे सगळे अभ्यास तिकडचे, बहुतेक मुलं गोऱ्या घरांतली. तिकडे आजी घरात नसते. आमच्याकडे मी "नक्की" म्हणायचं बंद केलं तर तो आजीकडे जायचा, आजी म्हणायची हो रे बाळा नक्की, देवाची शपथ. सोवळं, विटाळ, उष्टं हे शब्द ज्या घरात रोज बोलले जातात तिथे घाणीची भीती आजार कुठे होते हे ओळखायलाच वर्ष जातं. या घरांत हे किती चालतं त्याचे मोठे आकडे तुम्हीच तयार करू शकता, तुमच्याकडे रोज मुलं येतात.

दुसऱ्या थेरपिस्ट आम्हाला पुण्यात मिळाल्या, दर शनिवारी सकाळची एसटी. पहिल्या दोन सेशनमधे त्यांनी त्याच्याबरोबर बसून भीतीची शिडी काढली, दहा पायऱ्या, खालची पायरी दाराची कडी आणि सगळ्यात वरची सार्वजनिक संडासाचं दार. तिसऱ्या सेशनला त्यांनी स्वतः खोलीबाहेरच्या चपलांच्या स्टँडला हात लावला, मग स्वतःच्या ओढणीला, आणि त्याला म्हणाल्या तुझी पाळी. मी कोपऱ्यात बसलेले. त्याने एका बोटाने चपलेचा अंगठा शिवला आणि ते बोट हवेत धरून बसला, जणू भाजलंय. भीती दहापैकी किती, त्यांनी विचारलं. आठ. त्या म्हणाल्या बरं, आता ते बोट शर्टाला लाव. लावलं. नऊ. माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, काही होणार नाही ना?" आणि मॅडमनी मला मान हलवून खुणावलं, नाही, म्हणजे काही बोलू नका. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात अवघड गप्प बसण्याची वेळ. दहा मिनिटांनी सात, वीस मिनिटांनी पाच, मधे एकदा परत सहा झाला, पस्तीस मिनिटांनी तीन. खोलीत पंख्याचा आवाज होता बस. घरी येताना एसटीत त्याने त्याच हाताने खिडकीचा गज धरला आणि वाईपर्यंत झोपला.

तो आता आठवीत आहे. पूर्ण बरा आहे असं मी म्हणणार नाही, परीक्षेच्या दिवसांत परत डोकं वर काढतं, पण त्याला काय करायचं ते माहीत आहे, मलाही, आणि आता आजीलाही, आजी हल्ली म्हणते मला नाही रे माहीत, तूच बघ. नुसता अनुभव हा पुरावा नाही हे मी वरच लिहिलंय, ते माझ्या मुलालाही लागू आहे. पण सेशनमधे काय व्हायला हवं ते दिसावं म्हणून सांगितलं.

तर तुमच्याकडे मागणी. ओसीडीचं मूल आलं की पहिल्याच भेटीत आईबापांना सांगा की तुम्ही एक्स्पोजर स्वतः सेशनमधे करून घेता की नाही. करत नसाल तर त्यात कमीपणा काही नाही, तेवढं सांगा आणि जे करतात त्यांचं नाव द्या. साधारण किती सेशन आणि कितव्या सेशनपासून एक्स्पोजर सुरू हे कागदावर लिहून द्या, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचाराच्या योजनेची माहिती मिळणं हा हक्कच आहे, पण कायद्याने मागायची वेळ आमच्यावर का यावी. सुरुवातीला आणि मग ठरावीक दिवसांनी सीवाय-बॉक्स मोजा आणि आकडा आम्हाला दाखवा, ताप मोजतो तसं. आम्ही घरात जी उत्तरं देतो, दारं उघडून देतो, दप्तर पुसून देतो, ते थांबवायला आम्हाला शिकवा, कारण ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००५ मधेच लिहून ठेवलंय की मुलांच्या ओसीडीत एक्स्पोजरसह सीबीटी आणि त्यात घरच्यांचा सहभाग हवा. आणि बारा-चौदा सेशननंतर आकडा हलत नसेल तर मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवा, धरून ठेवू नका.

जे शिकवतात, कोर्स घेतात त्यांनाही सांगणं आहे. एक्स्पोजर हा सिलॅबसमधला एक परिच्छेद ठेवून चालणार नाही, मुलासमोर बसून, देखरेखीखाली, दोनचार केसेस केल्याशिवाय मुलांच्या ओसीडीसाठी सीबीटीचं सर्टिफिकेट देऊ नका. आणि साताऱ्याहून, लातूरहून, गडचिरोलीहून प्रत्येकाला शनिवारची एसटी जमणार नाही. स्वीडनमधे स्टॉकहोम आणि गोथेनबर्गला १५२ मुलांवर करून बघितलं, आधी थेरपिस्टच्या मदतीने इंटरनेटवरून सीबीटी आणि ज्यांना पुरलं नाही त्यांनाच समोरासमोर, सहा महिन्यांनी निकाल पहिल्यापासून समोरासमोर घेतलेल्यांपेक्षा कमी नव्हता, २०२१ मधे जामामधे आलंय. हे मराठीत करायला कुणी बसणार असेल तर भाषेसाठी, उदाहरणांसाठी, पोरांना कळेल असं लिहिण्यासाठी मी माझ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या द्यायला तयार आहे, आणि माझ्यासारखे आईबाप आणखी आहेत.

आणि पहिल्या मॅडम, तुम्ही हे वाचत असाल तर. त्याने ती विचारांची डायरी अजून जपून ठेवलीय, तुम्ही त्याच्या अक्षराला जिथे जिथे छान लिहिलंत त्या पानांच्या कडा दुमडून ठेवल्यात. मूल तुमच्यावर एवढा विश्वास ठेवतं. त्या विश्वासावर त्याने तुमच्या खोलीतल्या दाराच्या कडीला पण हात लावला असता.

तुमची,
साताऱ्याची एक आई